सातापर्यंत

खानापुरात, शाळेच्या वरच्या मजल्यावर, पाच दिवस
आम्ही सतराजणी आणि एक कंडक्टर,
रजा टाकून आलेला, शिवानंद कोलकार.
बाकात गुडघे मावत नव्हते.
पुस्तिका कन्नडातल्या. मराठीच्या छापायला गेल्यात म्हणाले,
त्या पाचव्या दिवशीही गेलेल्याच होत्या.
मग कार्मेलिन वाचायची, मी मराठीत सांगायची,
आणि रुखय्या दोन्ही ऐकून
तिसरंच काहीतरी लिहून घ्यायची, उर्दूत, उजवीकडून.

महादेवी मॅडम म्हणाल्या,
इथं शिकवायला शिकायचं नाही. विचारायला शिकायचं.
आणि विचारलं की गप्प. मनात सातापर्यंत मोजायचं.
ओंदु, एरडु, मूरु...
मूरुच्या पुढं कुणाचा दम निघेना.
तिनाला कुणीतरी उत्तर देऊन टाकायचीच,
आया ना सगळ्या.
कंडक्टर तर दोनालाच.

तिसऱ्या दिवशी नाटक.
माझ्या चिठ्ठीत निघालं: मूल, वय सहा, दूध सांडलंय.
शिवानंद बाप.
मी फरशीवर बसले. अजून खाली, मॅडम म्हणाल्या,
आता वर बघा.
वर त्याचा पट्टा, मग पोट,
मग लांब कुठंतरी हनुवटी.
तोंड दिसतच नव्हतं.
त्यानं चिठ्ठीतलं वाक्य म्हटलं, साधंच. हातसुद्धा उचलला नाही.
माझी मान आपोआप खांद्यांत गेली.
ती मान मी ओळखली.
आमच्या साईराजची.

‘आज काय शिकलात’ त्या रकान्यात
मी एकच शब्द लिहिला: उंची.
मॅडमनी खाली प्रश्नचिन्ह काढलं, मग खोडलं.

वडगावात आमच्या गल्लीत गट जमवायचा
म्हणजे लाईट जायची वाट बघायची.
माग चालू असताना कोण येणार,
आला तर त्याला काय ऐकू येणार.
वेळापत्रकात मी दुपारचे तीन लिहिलेत,
खरं वेळापत्रक वीजवाल्यांकडं.
लाईट गेली की एकेक माग खडखडत थांबतो,
आणि मग कळतं, गल्लीत किती पोरं रडताहेत,
केव्हापासनं, कुणास ठाऊक.

चौथ्या बैठकीला तिघीजणी नवऱ्यांना घेऊन आल्या.
विषय कौतुक.
नुसतं ‘शाणा हाईस’ म्हणायचं नाही,
‘चपला ओळीनं लावलास की रे’ असं, नेमकं.
लगमाण्णा सांबरेकर दाराशी उभा होता, दाढीत सुताचा कोंडा.
म्हणाला, बाई, समदं पटलं.
तुम्ही कधी मारला नाही व्हय पोराला?

पुस्तिकेत अडचणीचे सव्वीस प्रश्न आहेत, उत्तरांसकट.
हा नाही.
प्रश्न गटाकडं परत टाका, असं खानापुरात घोटून घेतलं होतं.
टाकता आला असता.
बायका कांड्या भरायच्या थांबल्या.

म्हटलं, मारलाय.
उलथन्यानं. दुसरीत होता.
तेरा सत्ते चुकला.
किती होतात ते मलाही आठवत नव्हतं, लगमाण्णा,
मारल्यावर वहीच्या मागं बघितलं.

कुणी हसलं नाही.
मग मी विचारलं, तुमचं?
आणि मोजायला लागले.
मूरु. नाल्कु.
त्याची बायको पदराचा दशा ओढत.
ऐदु.
लगमाण्णा खाली बसला, माझ्यापेक्षा खाली,
ओठ हलले.
आरु,
आणि लाईट आली.

गल्लीतले सगळे माग एकदम.
बायका उठल्या, कांड्यांच्या टोपल्या उचलल्या,
एकीनं दिवा चालूच राहिलाय म्हणून बटण दाबलं.
तो बोलतच होता. दोन्ही हातांनी काहीतरी दाखवत होता,
एवढं लहान, गुडघ्याएवढं.
मी सरकून कान त्याच्या तोंडापाशी नेला.

रात्री रुखय्याचा फोन.
तुझी चौथी कशी झाली गे?
म्हटलं, सहापर्यंत.